आपल्या साहित्यातला रविवार

दिवाळी अंक ही मुळातच फुरसतीची वस्तू आहे. घाईतल्या माणसासाठी वर्तमानपत्र आहे, परीक्षेला बसणाऱ्यासाठी क्रमिक पुस्तक आहे. दिवाळी अंक मात्र दुपारचे जेवण झाल्यावर, चटईवर आडवे पडून, हाताशी चिवड्याची बशी ठेवून वाचायचा असतो. तेव्हा अशा अंकात फुरसतीच्याच वाङ्मयाचा थोडा विचार केला, तर वाचकांना तो परका वाटू नये. शहरातल्या माणसाला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी चार मित्र जमतात, काही चांगलेचुंगले खाणे होते, मुलांना घेऊन राणीच्या बागेत नाहीतर चौपाटीवर जाणे होते. ह्या साध्या सुखाचे चित्र आपल्या लेखकांनी कसे रेखाटले आहे, हा माझा आजचा विषय.

मी काही व्यासंगी टीकाकार नव्हे. शाळेत मुलांना मराठी शिकवते आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे ह्या लेखात वाङ्मयीन सिद्धान्त शोधू नयेत. वाचता वाचता एक साधी कसोटी मात्र मला सापडली आहे, आणि ती मी वाचकांपुढे ठेवणार आहे. सुखाचे कोणतेही चित्र समोर आले, की मी पाहते : ह्या चित्रात बसले आहे कोण, आणि उभे आहे कोण? पंगतीत कोणी जेवत असतो, कोणी वाढत असतो. हॉटेलात कोणी टेबलाशी असतो, कोणी फडका खांद्यावर टाकून त्याच्याशेजारी उभा असतो. लेखकाला दोघेही दिसतात की एकच दिसतो, ह्यावरून त्या लेखनाची खोली बरीचशी कळते, असे माझे मत आहे.

ह्या कसोटीला इतिहासाचाही आधार आहे. रविवार आपल्याकडे फार जुना नाही. आपल्या वाडवडिलांना सण होते, जत्रा होत्या, एकादशी-अमावास्या होत्या. पण दर सातव्या दिवशी काम थांबवण्याची रीत नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीला कामगार उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत, आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी त्यांना नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या पुढे मांडल्या, त्यांत आठवड्याच्या सुट्टीची मागणी ठळक होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण गादीवर लोळत जो रविवार उपभोगतो, त्यामागे मागाशी उभ्या राहिलेल्या माणसांची सहा वर्षांची खटपट आहे. मग त्या रविवारावर लिहिताना उभ्या माणसाचा विसर पडला, तर ते कृतघ्नपणाचे नाही का?

आता लेखकांकडे वळू. सुट्टी आणि सहल हा विषय मराठीत प्रथम रुजला तो विनोदाच्या वाफ्यात. चिं. वि. जोशी ह्यांचे चिमणराव आठवून पाहा. घरातून चार माणसे बाहेर पडायची म्हटले, की जी धांदल उडते, ती जोशींच्या इतकी अचूक क्वचितच कोणी टिपली असेल. चिमणराव, गुंड्याभाऊ, काऊ, मोरू ही मंडळी आपल्या घरातलीच वाटतात. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांनी ह्या जोडीला चेहरे दिले, तेव्हा 'चिमणरावाचे चऱ्हाट' न वाचलेली घरेही त्यांना ओळखू लागली. जोशींचे मर्म असे, की त्यांच्या कुटुंबात निवांत बसलेला असा कोणीच नाही. बेत ठरवणारा फजीत होतो, बेताला हसणाराही फजीत होतो. मध्यमवर्गीय पुरुषाच्या कर्तेपणाचा फुगा त्यांनी इतक्या हळुवारपणे फोडला, की आवाज झाला तो फक्त हसण्याचा. त्यांच्या विनोदात घरातल्या बाईचे कष्ट दिसतात. त्यांवर व्याख्यान नसते, पण ते झाकलेलेही नसतात.

ह्याउलट लघुनिबंधाचे झाले. ना. सी. फडके आणि अनंत काणेकर ह्यांनी मराठीत हा प्रकार फुलवला, आणि फुरसतीला स्वतःची अशी भाषा दिली. 'गुजगोष्टी' किंवा 'पिकली पाने' ही नावेच किती निवांत आहेत! लघुनिबंधाचा 'मी' हा मोठा रसिक गृहस्थ. त्याला चहाची चव कळते, पावसाची लय कळते, मित्राशी गप्पा मारण्यातली खुमारी कळते. मोठमोठ्या विषयांच्या दडपणातून मराठी गद्याला मोकळे करून खुर्चीत ऐसपैस बसायला शिकवले ते ह्या प्रकाराने. हे ऋण मी मानते. पण ह्या खुर्चीतल्या गृहस्थाला चहा आणून देणारे कोणीतरी होतेच ना? लघुनिबंधाच्या प्रांतात चहा बहुधा आपोआप येतो. कप रिकामा झाला, की तो उचललाही आपोआप जातो. पुढे हा प्रकार सुकला, ह्याची कारणे समीक्षकांनी पुष्कळ सांगितली आहेत. मला वाटते, एकच माणूस फार वेळ बसून राहिला, की त्याच्याजवळ सांगण्यासारखे थोडेच उरते, हेही त्यातले एक कारण असावे.

पु. ल. देशपांडे ह्यांनी ती खुर्ची उचलून चाळीच्या गॅलरीत आणून ठेवली. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली पुस्तकरूपाने आली. तिच्यातले भ्रमणमंडळ प्रवासाचे बेत करू लागते, तेव्हा फुरसत ही एकट्याची मिरास राहत नाही. त्रिलोकेकर, अण्णा पावशे, कोचरेकर मास्तर अशा साऱ्यांचे मिळून एकच सुख आणि एकच फजिती होते. चाळीत दारे उघडी असतात. कोणाच्या घरी काय शिजते, कोणाची बायको नळावर किती वेळ उभी आहे, हे साऱ्यांना ठाऊक असते. म्हणून चाळीच्या विनोदात कष्ट लपवायला जागाच नाही. त्या पुस्तकाच्या शेवटी येणारे 'एक चिंतन' वाचून ज्यांचे डोळे पाणावले, त्यांना हे कळेल, की तो कढ इमारतीसाठी नाही. एकत्र बसण्याउठण्याची एक रीत मोडली, त्यासाठी आहे. १९६१ पासून पुलंनी ह्या पुस्तकाचे एकपात्री प्रयोग केले. त्यात सारे सभागृह बसलेले आणि लेखक एकटा उभा, हा योगही माझ्या कसोटीला मोठा गमतीचा वाटतो.

खाण्यावर प्रेम करावे कसे, हेही आपल्याला पुलंनीच शिकवले. 'माझे खाद्यजीवन' ह्या लेखाची पारायणे करणारी घरे मी पाहिली आहेत. आजच्या खाद्यलेखकांपैकी अनेकांनी त्यातला चटकदारपणा घेतला. पण पुलंच्या लेखात खाणे म्हणजे मुख्यतः माणसांची आठवण आहे, हे त्यांच्या हातून निसटले. पदार्थांची नावे एकापुढे एक मांडली, की खाद्यलेख होतो अशी एक समजूत पडून गेली आहे. तशी यादी तर भिंतीवरच्या फळ्यावरही असते, आणि तिच्यात निदान दर तरी लिहिलेले असतात.

येथवर आपण पगारदार माणसाच्या रविवारात फिरत होतो. पण शहरात आणखी एक फुरसत असते, आणि ती आठवडाभर पुरून उरते. भाऊ पाध्ये ह्यांचा 'वासूनाका' १९६५ साली आला, तेव्हा त्यातल्या भाषेवरून मोठे वादळ उठले. सणाच्या दिवशी साऱ्या घराने मिळून वाचावे असे ते पुस्तक नव्हे, हे मी कबूल करते. पण त्याचे मोल त्यामुळे उणे होत नाही. नाक्यावर उभी असलेली ही पोरे दिवसभर मोकळीच आहेत. मित्र आहेत, गप्पा आहेत, चेष्टामस्करी आहे. म्हणजे रविवारचे सारे साहित्य हजर आहे. फक्त सोमवार नाही. ज्याला सोमवारी कामावर जायचे असते, त्यालाच रविवार गोड लागतो. फुरसत आणि रिकामपण ह्यांतला फरक पाध्यांनी एका शब्दाचेही प्रवचन न करता दाखवला. ती पोरे नाक्यावर उभी आहेत, कारण त्यांना बसायला शहरात जागा ठेवलेली नाही.

मित्रमंडळींच्या वेळ घालवण्याला दुसरी एक काळी बाजू आहे. ती दाखवली विजय तेंडुलकरांनी. 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. मुंबईची एक हौशी नाटक मंडळी प्रयोगासाठी गावात आली आहे, रात्रीपर्यंत वेळ मोकळा आहे, तेव्हा गंमत म्हणून खोटा खटला चालवू या, असे ठरते. सुरुवात पाहिली, तर कोणत्याही सहलीतला हा प्रसंग वाटावा. पान, सिगारेट, थट्टा, एकमेकांना चिमटे. पण बघता बघता खेळाचा खटला होतो आणि लीला बेणारे ही शिक्षिका आरोपीच्या पिंजऱ्यात अडकते. न्यायाधीश बसलेला, वकील बसलेला, साक्षीदार ओळीने बसलेले. आणि बेणारे उभी. माझ्या कसोटीचे एवढे भेदक चित्र मराठीत दुसरे नसेल. चार जण गमतीला बसले, की पाचव्याला उभे करून त्याच्यावर हसावे असे त्यांना का वाटते, हा तेंडुलकरांचा प्रश्न आहे. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीच्या सहलीत, लग्नाच्या घरात आपण सर्वांनी ही गंमत पाहिलेली असते. म्हणून ते नाटक संपल्यावर टाळ्या वाजवताना हात जड होतात.

मराठी घरांनी आपलेसे केलेले एक हिंदी चित्र येथे घेतले पाहिजे. बासू चटर्जी ह्यांचा 'छोटी सी बात' १९७६ साली लागला. मुंबईच्या बसचा थांबा, कचेरी, दुपारचे हॉटेल, जहांगीर कलादालनातले 'समोवार' असे सारे त्यात आहे. समोवार १९६४ साली सुरू झाले आणि २०१५ साली बंद पडले. ज्यांनी तेथे बसून चहा घेतला, त्यांना तो चित्रपट आज घरातल्या जुन्या छायाचित्रासारखा वाटतो. अमोल पालेकरांचा बुजरा कारकून आपल्यातल्या कित्येकांना आरशासारखा भेटला. चित्रपट गोड आहे, मी तो अनेकदा पाहिला आहे. तरीही त्यातली एक गोष्ट नजरेत भरते. नायकाचा बुजरेपणा दिसतो तो हॉटेलात वेटरपुढे; आणि खंडाळ्याहून धडे गिरवून तो परत येतो, तेव्हा त्याचे नवे धैर्य दिसते तेही वेटरपुढेच. म्हणजे शहरात माणूस मोठा झाला, ह्याची खूण काय, तर उभ्या माणसाला ऐटीत हुकूम देता येऊ लागला! दिग्दर्शकाने ह्यावर मिस्कीलपणे हसून घेतले आहे, हे खरे. पण आपण प्रेक्षक मात्र नायकाबरोबर निर्धास्त हसतो.

बसूनही उभ्या माणसाला पाहता येते काय? येते, असे मला अरुण कोलटकरांच्या कवितेने पटवून दिले. मुंबईच्या काळा घोडा भागात 'वेसाइड इन' नावाचे उपाहारगृह होते. तेथे कोलटकर आणि त्यांचे मित्र दर गुरुवारी दुपारी जमत, हे सर्वश्रुत आहे. मित्र, चहा आणि खिडकीजवळचे टेबल. ह्यापेक्षा निवांत चित्र ते कोणते? पण त्या खिडकीतून त्यांनी पाहिले ते रस्त्याच्या मधल्या तुकड्यावरचे जग : कचरा वेचणाऱ्या बायका, भटकी कुत्री, पदपथावर नांदणारी माणसे, आणि त्यांची न्याहारी. त्यातून 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह झाला आणि २००४ साली, म्हणजे कवीच्या निधनाच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तो इंग्रजीत आहे. पण 'भिजकी वही' लिहिणाऱ्या मराठी कवीचाच तो डोळा आहे. इडल्यांचा डबा घेऊन एक बाई येते आणि रस्त्यावरच्या साऱ्यांना खाऊ घालते, ही त्या संग्रहातली दीर्घ कविता मला आपल्या साऱ्या खाद्यवाङ्मयाची मुकुटमणी वाटते. तीत कोणाची कीव केलेली नाही. भुकेल्या माणसाला गरम इडली मिळाल्याचा आनंद आहे, आणि तो श्रीमंतांच्या न्याहारीइतकाच ऐटबाज आहे. कवी हॉटेलात बसला आहे, पण कवितेत त्याने बसवले आहे ते दुसऱ्यांना.

आता थोडे माझ्या धंद्याचे. दर वर्षी मी मुलांना 'माझी रविवारची सुट्टी' ह्या विषयावर निबंध लिहायला देते. चाळीस वह्यांत चाळीस रविवार असतात. सकाळी उशिरा उठणे, बाबांबरोबर बाजार, दुपारी कोंबडी किंवा पुरणपोळी, संध्याकाळी बाग, नाहीतर मॉल. आई प्रत्येक वहीत असते, पण एकाच वाक्यात : आईने अमुक केले. ते खाऊन झाले, की आई निबंधातून निघून जाते. सातवीतल्या एका मुलीने मात्र लिहिले होते, की रविवारी बाबा पेपर दोनदा वाचतात आणि आई स्वयंपाक दोनदा करते. बाकीच्या मुलांपेक्षा तिचे शुद्धलेखन कच्चे होते. तिला मी सर्वांत जास्त गुण दिले.

ही गोष्ट केवळ मुलांच्या वह्यांतली नाही. गिरणगावात हजारो कामगार आपले कुटुंब कोकणात, घाटावर ठेवून एकटे राहत आणि खाणावळींत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांनी अख्खी मुंबई जेवू घातली. १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना एकत्र आणले, कर्ज मिळवून दिले. चळवळीने त्यांना पाहिले. पण त्यांचा रविवार कसा जात असेल, ह्यावर किती मराठी कादंबऱ्या आहेत? कामगाराच्या कष्टांवर आपण पुष्कळ लिहिले, आणि चांगले लिहिले. त्याच्या सुट्टीवर कमी लिहिले, आणि त्याला वाढणारीच्या सुट्टीवर त्याहून कमी.

येथे एखादा वाचक म्हणेल, बाई, दिवाळीच्या दिवशी तरी आमच्या चिवड्यात खडा का टाकता? आम्ही मित्रांबरोबर मिसळ खावी की नाही? जरूर खावी, मीही खाते. दादरला मामा काण्यांच्या उपाहारगृहात बटाटेवडा खाताना माझ्या मनात कोणतेही तत्त्वज्ञान येत नाही. सुख हे पाप नव्हे. ज्या लोखंड्यांनी सुट्टी मिळवून दिली, त्यांनी ती लोकांनी मजा करावी म्हणूनच मिळवली. माझे गाऱ्हाणे खाणाऱ्यांशी नाही, लिहिणाऱ्यांशी आहे. आणि तेही नीतीचे नसून कलेचे आहे. ज्या चित्रात एकच माणूस दिसतो, ते चित्र अपुरे असते आणि लवकर शिळे होते. चिमणराव, चाळ, बेणारे, काळ्या घोड्यावरची न्याहारी हे सारे अजून ताजे आहे, कारण त्यात दोन्ही बाजूंची माणसे आहेत.

आजच्या लेखकांसमोर तर ह्या विषयाचे मोठेच दालन उघडले आहे. रविवारी दुपारी आता पंगत हॉटेलातही बसत नाही. जेवण दुचाकीवरून दारात येते. ते घेऊन येणारा मुलगा उन्हातून चार मजले चढून येतो, पिशवी हाती देतो आणि पुढच्या दारी जातो. आपण बसलेले असतो, तो उभाही राहत नाही. त्याच्या रविवारची कथा कोणीतरी लिहावी. सुचिन्हेही दिसतात. सचिन कुंडलकर ह्यांच्या 'गुलाबजाम' ह्या २०१८ सालच्या चित्रपटात लंडनची नोकरी सोडून एक तरुण पुण्यात डबे करणाऱ्या बाईकडे स्वयंपाक शिकायला येतो. पुरुष ओट्याशी उभा राहतो, हात भाजून घेतो, आणि स्वयंपाक म्हणजे काय ते त्याला कळू लागते. कथेत थोडी साखर जास्त आहे, पण नावच 'गुलाबजाम' असल्यावर तक्रार कशी करावी? जागांची अदलाबदल झाली, हे महत्त्वाचे.

मला स्वतःला एक साधी कथा वाचायची आहे. चौपाटीवर वाळूत एक बाई बसली आहे. नवरा भेळेच्या गाडीशी रांगेत उभा आहे, मुले पाण्याशी खेळत आहेत. तिला आत्ता काहीच करायचे नाही. ती समुद्राकडे पाहते आहे. तिच्या मनात काय चालले आहे? ह्या अर्ध्या तासाची कथा ज्याला लिहिता येईल, त्याने मराठीतला पहिला खरा रविवार लिहिला, असे मी म्हणेन.

तोवर वाचकांना एकच विनंती. हा अंक घरात पहिल्याने कोणाच्या हाती पडतो आणि शेवटी कोणाच्या हाती जातो, ते यंदा जरा पाहावे. जिने फराळ केला, तिच्यापर्यंत तो बहुधा भाऊबीज उलटल्यावर पोहोचतो, आणि तेव्हा शब्दकोडे सोडवून झालेले असते. ह्या वर्षी तो तिला आधी द्यावा, आणि ती वाचत असेपर्यंत चहा दुसऱ्या कोणी तरी करावा.